वायटूकेची जुनी दप्तरं: आपत्ती नियोजनाला त्यातून काय घेता येईल?

दप्तरदार
मंडळी, धागा लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. सध्या आपत्ती नियोजनाच्या एका कामासाठी वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या कॉम्प्युटर गोंधळाच्या, वेळची कागदपत्रं वाचून काढतोय. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या प्रोग्रामांमध्ये वर्ष दोनच आकड्यांत ठेवायचे, ९८, ९९ असं, कारण मेमरी महाग होती आणि त्याआधी तर ८० रकान्यांच्या पंचकार्डावर सगळं कोंबायचं असायचं, त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार अशी भीती. अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९७१ सालीच हे लिहून ठेवलं होतं, कोणी ढुंकून बघितलं नाही. १९९३ ला पीटर डी येगर यांचा कॉम्प्युटरवर्ल्डमधला लेख गाजला, आणि तरी बहुतेक सरकारं खडबडून जागी झाली ती ९७-९८ ला.

आता मुद्दा. वायटूके म्हटलं की चर्चा एकाच जागी अडकते, खरं होतं की थोतांड. मला त्यात रस नाही असं नाही पण तो वेगळा धागा होईल. मला जे दिसतंय ते असं की कोड दुरुस्त करणं हा त्या सगळ्या प्रकरणाचा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा भाग म्हणजे, एवढं करूनही यंत्रणा बसली तर काम कसं चालू ठेवायचं याची तयारी, आणि ती कुणाच्या लक्षातच नाही कारण ती वापरायची वेळच फारशी आली नाही. अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, जीएओनं, ऑगस्ट १९९८ ला फक्त ह्याच विषयावर एक मार्गदर्शिका काढली होती. ती वाचताना मी चाट पडलो. सुरुवातच कॉम्प्युटरपासून नाही. आधी विचारतात तुमचं मूळ काम काय, ते बंद पडलं तर कोणाचं काय अडेल, आणि कमीत कमी किती काम झालं तरी निभावेल. हा कमीत कमीचा आकडा आधी कागदावर लिहून काढायचा, मग पर्यायी व्यवस्था, आणि मग ट्रिगर, म्हणजे नेमकं काय घडलं की पर्यायी व्यवस्था सुरू करायची आणि ते ठरवणार कोण. त्यातली तारीख काढून पूर टाका, वीज जाणं टाका, सायबर हल्ला टाका, जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

तर विचारायचं होतं की इथे त्या काळात कुणी काम केलंय का, आणि कोडपेक्षा ह्या दुसऱ्या भागाबद्दल काय आठवतंय?

खोडी_काढणारा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय :) दप्तरदार, तुम्ही नको म्हणालात तरी मी तिथेच जाणार. इटली, रशिया ह्यांनी फार उशिरा आणि फार कमी खर्च केला, आणि १ जानेवारी २००० ला तिथेही दिवे चालू, फोन चालू. एकट्या अमेरिकेत १०० अब्ज डॉलर खर्च झाले असा त्यांच्याच वाणिज्य खात्याचा अंदाज होता. खर्च केला तिथेही काही नाही, नाही केला तिथेही काही नाही, मग यातून नियोजनाचा धडा कसला घेणार, कन्सल्टंट लोकांचं भलं कसं होतं हा?

निवांतपणे
वाचतेय. चांगला धागा.

कोबोलकाकू
मी होते त्या कामात, दोन वर्षं दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांचं नाव घेत नाही, वित्तसंस्था होती एवढं पुरे.

पहिलं म्हणजे १ जानेवारीला धडाम होणार ही कल्पनाच बाहेरच्या लोकांची. ज्यांच्या सिस्टिमला पुढच्या तारखा लागतात तिथे त्रास कधीच सुरू झाला होता, लांब मुदतीची कर्जं, विमा, मुदत संपायची तारीख असलेली कार्डं. म्हणजे बिघाड सगळे एका रात्रीत येणार नव्हते, आधी काही वर्षं आणि नंतरही बराच काळ असे पसरलेले होते. त्या रात्री टीव्ही लावून बसलेल्यांना काही दिसलं नाही हे बरोबरच आहे, दिसण्यासारखं त्या रात्री थोडंच होतं.

दुसरं, कोड बदलणं हे सगळ्यात सोपं काम होतं. हो, खरंच. अवघड काय, तर आपल्याकडे आहे काय हेच शोधणं. कुठला प्रोग्राम कुठून फाइल घेतो आणि कुठे देतो, रोज रात्रीच्या बॅचमध्ये जे शेकडो जॉब पळतात त्यातले किती खरंच लागतात, काहींचा सोर्सच, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोडच, सापडत नव्हता, फक्त मशीनवर चालणारी तयार फाइल, ज्यानं लिहिला तो सोडून गेला. एक रिपोर्ट दर महिन्याला छापला जायचा आणि तो कोणीच वाचत नव्हतं हे वायटूकेमुळे कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या संस्थेकडे स्वतःच्या यंत्रणेची पूर्ण यादी झाली. दप्तरदार, तुझ्या संशोधनात ह्या याद्या घाल. माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई तीच, आणि २००० च्या मार्चनंतर ती कोणी अपडेट केली नाही हेही लिही.

आणि खोडी, भलं कन्सल्टंटचं झालं असेल, रात्रपाळ्या आम्ही केल्या.

खोडी_काढणारा
काकू, साष्टांग. पण इटलीचं उत्तर राहिलंच.

दप्तरदार
काकू, सोनं दिलंत. यादीबद्दल सविस्तर बोलूच.

खोडी, इटलीचा मुद्दा फालतू नाहीये, मलाही बराच वेळ सतावत होता. तीन गोष्टी लक्षात घे. जे देश उशिरा उतरले त्यांना तोवर तयार साधनं आणि दुरुस्त झालेली पॅकेजं आयती मिळाली, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, टेलिफोन एक्स्चेंज ही सगळी मोजक्या कंपन्यांची, त्यांनी एकदा दुरुस्त केली की जगभर झाली. शिवाय ज्यांचं अवलंबित्व कमी त्यांचं नुकसानही कमी. आणि तिसरं, फेब्रुवारी १९९९ पासून इंटरनॅशनल वायटूके कोऑपरेशन सेंटर चालू होतं, जागतिक बँकेचा पैसा, संयुक्त राष्ट्रांचं पाठबळ, देशोदेशीचे समन्वयक एकमेकांना काय सापडलं ते सांगत होते. त्यामुळे 'काहीच न करणारा देश' असा शुद्ध नमुना तुला मिळतच नाही. तरीही मी म्हणेन की एम्बेडेड चिप्सची, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या चिप्सची भीती, लिफ्ट बंद पडतील, कारखान्यातली यंत्रं थांबतील वगैरे, ती प्रमाणाबाहेर होती. तिथे खर्चही बराच वाया गेला असणार. तेवढं तुझं मान्य.

लॅबवाली
'काहीच झालं नाही' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं म्हणून लिहिते. शेफिल्डची केस बघा. नॉर्दर्न जनरल हॉस्पिटलमधली प्रयोगशाळा, तिथे गर्भवती बायकांच्या रक्ततपासणीवरून बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची जोखीम काढायचा प्रोग्राम होता. त्या हिशेबात आईचं वय फार महत्त्वाचं. जानेवारी २००० पासून प्रोग्राम वय चुकीचं काढायला लागला. क्रॅश नाही, एरर नाही, रोज छान रिपोर्ट छापून येत होते, फक्त आकडे चुकीचे. मे महिन्यात उघडकीला आलं तोवर दीडशेच्या वर बायकांना जोखीम कमी आहे असं चुकून सांगून झालं होतं आणि त्यातल्या चौघींच्या गर्भाला डाउन सिंड्रोम होता.

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला ह्यातलं भयानक काय ते लगेच कळेल. मशीन बंद पडलं तर आपण लगेच धावतो, हाताने करतो, दुसरीकडे नमुने पाठवतो. मशीन खोटं बोलायला लागलं तर त्यासाठी आपल्या आपत्ती नियोजनात पानच नसतं. सगळ्या प्लॅनची सुरुवात 'सिस्टिम बंद पडल्यास' अशी. दप्तरदार, तुमच्या त्या ट्रिगरमध्ये हे कसं बसवणार? बंद पडली हा ट्रिगर सोपा आहे. संशय आला हा ट्रिगर कोण ओढणार? आणि खालच्या पायरीवरच्या माणसाला संशय आला तर तो कोणाला सांगणार आणि ऐकणार कोण?

निवांतपणे
बाप रे. हे माहीतच नव्हतं.

पंपहाउस
सांडपाण्याच्या क्षेत्रात आहे, तिथली एक गोष्ट टाकतो, आमच्यात प्रसिद्ध आहे. जून १९९९, लॉस एंजेलिसमधलं व्हॅन नाइज. वायटूकेची तयारी म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सराव चालू होता, वीज गेली तर जनरेटरवर कसं चालेल ते बघायचं होतं. त्यात एक गेट बंद झालं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि लाखो गॅलन मैलापाणी शेजारच्या पार्कात. म्हणजे आपत्ती टाळायच्या सरावानेच आपत्ती. त्याच वर्षी फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या पीच बॉटम अणुवीज केंद्रातही तारीख पुढे ढकलून चाचणी घेताना देखरेखीचे कॉम्प्युटर बसले होते, पूर्ववत व्हायला काही तास गेले.

लोक ह्यावर हसतात पण मी उलटं म्हणतो. जूनमध्ये फजिती झाली म्हणून डिसेंबरसाठी ते गेट माहीत झालं. सराव म्हणजे काय हे बऱ्याच ठिकाणी कळतच नाही, कॉन्फरन्स रूममध्ये बसून स्लाइड दाखवणं म्हणजे सराव नाही, जनरेटर खरोखर लोडवर घ्या, बघा किती वेळ चालतो, डिझेल कोण आणणार, आणणाऱ्याचा नंबर चालू आहे का. फक्त सराव हेही एक धोक्याचं काम आहे असं धरून त्याच्यासाठी वेगळी माणसं उभी करा, हा व्हॅन नाइजचा धडा.

खोडी_काढणारा
हे पटलं. आता दुसरा खडा टाकतो. वायटूकेची तारीख माहीत होती. मिनिटासकट. जगात अशी आपत्ती किती वेळा येते? १९ जुलै २०२४ घ्या, क्राउडस्ट्राइक ह्या सायबर सुरक्षा कंपनीचं एक अपडेट गेलं आणि ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर. विमानं, हॉस्पिटलं, बँका. कोणी आधी पत्र पाठवलं नव्हतं. तारीख माहीत असलेल्या परीक्षेची तयारी कशी केली ते वाचून अचानक आलेल्या परीक्षेचं काय शिकणार?

दप्तरदार
उत्तम खडा. मी इथेच दोन भाग वेगळे करतोय. कोड दुरुस्तीला तारीख लागते, ती नसती तर पैसा सुटला नसता आणि वरिष्ठ हलले नसते, हे खरंय. पण दुसऱ्या भागाला तारीख लागतच नाही. क्राउडस्ट्राइकच्या वेळी दुरुस्ती काय होती, मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं, एक फाइल उडवायची, बस. अडलं कुठे? एकेका मशीनपाशी माणूस जाऊन उभा राहावा लागला. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, तिची किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवली तोही काही ठिकाणी बसलेला. म्हणजे पुन्हा काकूंचीच यादी, आपल्याकडे काय आहे, कुठे आहे, किल्ली कोणाकडे.

उलट उदाहरण मेर्स्क ह्या जहाज कंपनीचं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या ह्या घातक सॉफ्टवेअरनं त्यांचं जगभरचं जाळं पुसून टाकलं. डोमेन कंट्रोलरची, म्हणजे कोणाला जाळ्यात प्रवेश आहे ते ठरवणाऱ्या सर्व्हरची, एकच प्रत वाचली, घानामधली, आणि ती का तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. शुद्ध नशीब. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले, आणि तोवर माणसांनी हाताने, कागदावर, मिळेल त्या मार्गाने बोटी चालू ठेवल्या, कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की माल फक्त वीसेक टक्के कमी झाला. कमीत कमी किती काम हाताने चालू शकतं हा तो जीएओचा प्रश्न, त्यांना ऐनवेळी सोडवावा लागला. १९९८ मध्ये तो हजारो संस्थांनी आधी बसून सोडवला होता.

मधली_ओळ
मी संवादाच्या बाजूने लिहिते, ह्या विषयावर जरा वाचलंय. मला वायटूकेमधला सगळ्यात हुशार भाग तोच वाटतो आणि तो तांत्रिक नाहीच. अमेरिकेत अध्यक्षांची वायटूके परिषद होती, फेब्रुवारी १९९८ ची, जॉन कोस्किनेन प्रमुख. त्यांच्यासमोर खरी अडचण ही होती की कंपन्या बोलायला तयार नव्हत्या. 'आमचं तयार आहे' म्हणावं आणि नाही चाललं तर कोर्टात खेचतील, म्हणून वकील सांगायचे गप्प बसा. मग वीज कंपनीला फोन कंपनीचं माहीत नाही, फोन कंपनीला विजेचं माहीत नाही. ह्यावर ऑक्टोबर १९९८ ला कायदाच केला, प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीला संरक्षण. त्यानंतर क्षेत्राक्षेत्रातले लोक एका टेबलावर आले. सरकारनं स्वतः काही दुरुस्त करायचा आव आणला नाही, बोलायची भीती काढून टाकली.

दुसरं म्हणजे लोकांना काय सांगायचं. काही न होण्याचं आश्वासन देता येईना आणि घाबरवताही येईना. त्यांनी माप दिलं, तीन दिवसांच्या हिवाळी वादळासाठी जितकी तयारी कराल तितकी करा. एवढंच. लोकांना माहीत असलेलं माप, घरातल्या घरात होणारी तयारी. आणि मागच्या बाजूने फेडरल रिझर्व्हनं ५० अब्ज डॉलरची जादा रोकड तयार ठेवली, कारण बँका नीट चालल्या तरी लोक घाबरून एकदम पैसे काढायला आले तर तीच आपत्ती. माणसांच्या वागण्यालाही बिघाडाचं एक कारण धरून त्याची तरतूद केली, हे मला फार कमी प्लॅनमध्ये दिसतं.

पंपहाउस
+१. कायद्याचा मुद्दा आजही तसाच आहे. हल्ला झाला की सगळे गप्प, शेजाऱ्याला कळतं ते बातमीतून.

खोडी_काढणारा
माझं एक शेवटचं. १०० अब्ज डॉलर आणि इतकी हुशार माणसं ह्यात गुंतली, त्या काळात दुसरं काय करायचं राहिलं ते कोणी मोजत नाही. आणि एवढं करूनही दुरुस्ती पक्की केली का? बऱ्याच ठिकाणी जुगाडच ना?

कोबोलकाकू
जुगाड केला, आणि समजून उमजून केला. वर्ष चार आकड्यांचं करायचं म्हणजे प्रत्येक फाइल, प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रिपोर्ट रुंद करायचा आणि तोही ज्यांच्याशी फाइल देवघेव आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी. तेवढा वेळ नव्हता. म्हणून विंडोइंग. एक सीमा ठरवायची, समजा २०. दोन आकडी वर्ष २० च्या खाली असेल तर २००० चं शतक धर, नाहीतर १९०० चं. काम भागतं, पण सीमा येते तेव्हा तेच दुखणं परत. १ जानेवारी २०२० ला न्यूयॉर्कमधल्या पार्किंग मीटरनी कार्डं घ्यायची बंद केली ती अशाच कुठल्याशा घालून ठेवलेल्या मुदतीमुळे. नॉर्वेत तर ३१ डिसेंबर २००० ला काही रेल्वेगाड्या सुरूच होईनात, गाडीतल्या कॉम्प्युटरला ती तारीखच समजेना, शेवटी घड्याळ एक महिना मागे करून गाड्या सोडल्या. वर्षभर सगळे हुश्श करून बसले होते.

तात्पुरता उपाय करण्यात वाईट काही नाही, मी आजही तोच करीन. पण त्याच्यावर मुदत लिहून ती मुदत कोणाच्या तरी कॅलेंडरात घालायला हवी होती. आमची टीम मार्चनंतर विखुरली आणि सीमेची नोंद राहिली कोडमधल्या कॉमेंटमध्ये.

लॅबवाली
आणि दुरुस्तीनेच बिघाड झाल्याची पण उदाहरणं आहेत ना? अमेरिकन टेहळणी उपग्रहांच्या जमिनीवरच्या यंत्रणेचं काहीतरी वाचलेलं.

दप्तरदार
हो, वायटूकेसाठी जो पॅच टाकला त्यानेच १ जानेवारीला ती यंत्रणा आंधळी झाली, पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात कोलोरॅडोमध्ये पीटरसन हवाई तळावर रशियन आणि अमेरिकन लष्करी अधिकारी एकाच खोलीत बसून क्षेपणास्त्रांची सूचना यंत्रणा एकत्र बघत होते, एखाद्या चुकीच्या सिग्नलवरून गैरसमज नको म्हणून. यंत्रावर विश्वास नसेल तर समोरच्या माणसाला शेजारी बसवा, साधा उपाय.

लॅबवाली, तुमचा संशयाचा ट्रिगर मी वहीत लाल पेनने लिहिलाय. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये मला त्याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही. दुरुस्तीनंतरची तपासणी आहे, बंद पडण्याची तयारी आहे, मधल्या खोट्या उत्तराची तयारी नाही. माझ्या टिपणात ते वेगळं प्रकरण होईल.

निवांतपणे
दप्तरदार, हे सगळं वाचायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि २०३८ चं काय, तेही असंच आहे ना?

दप्तरदार
कोस्किनेन यांच्या परिषदेचा मार्च २००० चा अंतिम अहवाल सहज मिळतो, जीएओच्या मार्गदर्शिकाही नेटवर आहेत. इंटरनॅशनल सेंटरची कागदपत्रं मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटकडे जपून ठेवलीयत. पण अंतिम अहवालांवर फार विसंबू नका, ते सगळं नीट पार पडल्यावर लिहिलेले असतात. मला जास्त कामाचे वाटतात ते १९९९ च्या मधले कागद, ज्यात अजून काय होणार ते माहीत नसलेली माणसं भांडतायत. आणि माणसं. तेव्हा पन्नाशीत असलेले आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेले, त्यांच्याशी बोलायला हवं ते आत्ताच.

२०३८ हो, अनेक यंत्रणा १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात, तो १९ जानेवारीला भरून संपतो, सर्व्हर आणि फोन बहुतेक ६४ बिटांवर गेलेत, पण भिंतीत, पंपात, मीटरमध्ये बसवलेल्या डब्यांचं काय ते पंपहाउसना विचारा.

पंपहाउस
आमच्याकडे अजून यादीच नाही. काकूंना बोलावणार आहे.

कोबोलकाकू
येते. पण आधी एक कागद तयार ठेवा. आमच्या कंट्रोल रूमच्या दारावर त्या रात्री एकच पान लावलेलं होतं, त्यावर सिस्टिमचं नाव, पुढे हाताने काम चालवता येणारे तास, आणि पुढे एक नाव, जो कोणालाही न विचारता ती बंद करू शकतो. त्या तिसऱ्या रकान्यावरून जेवढ्या मीटिंगा झाल्या तेवढ्या सगळ्या कोडवरून झाल्या नसतील. तुमच्याकडे तो रकाना भरून घ्या, मग बोलू.